कमोडोर परत आलं: नवं अल्टिमेट घ्यावं की जुना सी६४ वाचवावा? (सोबत साठेक फ्लॉपी आणि कॅसेट)

आठबिट_कोथरूड

नमस्कार मंडळी,

आमच्या महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाला एका निवृत्त प्राध्यापकांनी कमोडोर ६४ (सी६४, ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक) दिला आहे. अमेरिकेत घेतलेला, फुगीर पेटीचा, तपकिरी कळांचा. सोबत १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह, डेटासेट (कॅसेटवर प्रोग्राम ठेवणारा टेपरेकॉर्डर), साधारण साठ फ्लॉपी आणि वीसेक कॅसेट. पॉवर सप्लायच्या ठोकळ्यावर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झ असं लिहिलंय. अजून कशालाही वीज दिलेली नाही. फ्लॉपींमध्ये विकतचे खेळ आहेत, तसेच सरांनी स्वतः लिहिलेले बेसिक प्रोग्रामही आहेत. लेबलं हाताने लिहिलेली आहेत.

विभागात दोन तट पडलेत. एक म्हणतो, कमोडोर कंपनी आता पुन्हा उभी राहिली आहे, तिचं नवं यंत्र घ्या, जुनं काचेच्या कपाटात ठेवा. दुसरा म्हणतो, जुनंच दुरुस्त करा. जाणकारांकडून हवं ते असं:

१. नव्या मंडळींनी नेमकं काय विकत घेतलं आहे? जुन्या कंपनीचा किती भाग त्यांच्याकडे आला?
२. जुनं यंत्र सुरक्षितपणे चालू कसं करायचं?
३. फ्लॉपी-कॅसेटमधला मजकूर कसा उतरवायचा, आणि पुढे तो सार्वजनिक करता येईल का?

सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप विभागात आहेत.

---

चिन्ह_आणि_चिप

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

मूळ कमोडोर २९ एप्रिल १९९४ ला बुडाली. त्यानंतर तिचे तुकडे वेगवेगळ्या दिशांना गेले, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. १९९५ मध्ये जर्मनीच्या एस्कॉमने मालमत्ता घेतली. पुढच्याच वर्षी एस्कॉमही दिवाळखोरीत गेली. १९९७ मध्ये कमोडोरचं नाव नेदरलँड्सच्या ट्यूलिपकडे गेलं आणि अमिगा या कमोडोरच्या दुसऱ्या संगणकाचा भाग अमेरिकेच्या गेटवेकडे. म्हणजे एकाच घराण्यातली दोन यंत्रं तेव्हापासून वेगळ्या मालकांकडे आहेत. ट्यूलिपनंतर नाव आणखी काही हातांतून फिरलं. परवाना घेऊन कुणी साधे पीसी विकले, २०११ मध्ये सी६४ च्या आकाराच्या पेटीत इंटेलचा बोर्ड घालून विकला गेला, २०१५ मध्ये तर पेट नावाचा स्मार्टफोनही आला. या कशालाही मी पुनरुज्जीवन म्हणणार नाही. त्या काळातली एकच गोष्ट मनापासून आवडते: २००४ मध्ये जेरी एल्सवर्थ यांनी संपूर्ण सी६४ एका चिपमध्ये बसवून, तीस खेळांसह जॉयस्टिकच्या आत घातला होता.

२०२५ मध्ये ख्रिश्चन सिम्प्सन यांच्या पुढाकाराने कमोडोर कॉर्पोरेशन विकत घेतली गेली. हाती आले ते ट्रेडमार्क, १९८३ पासूनचे, आणि ते नाव वापरण्याचा अधिकार. त्यांचं पहिलं यंत्र म्हणजे कमोडोर ६४ अल्टिमेट. त्यातला बोर्ड गिडिऑन झ्वाइट्झर यांच्या अल्टिमेट ६४ वर आधारलेला आहे. कित्येक वर्षांपासून विकला जाणारा, लोकांनी पारखलेला बोर्ड आहे तो. २०२५ मध्ये जाहीर केलेली किंमत ३०० डॉलरच्या आसपास सुरू होत होती, वर वाहतूक आणि आयात कर.

आता जे आलं नाही ते.

रॉममधला (यंत्रात कायमचा कोरलेला) कोड, म्हणजे कर्नल आणि सिस्टिम सॉफ्टवेअर, यांचे हक्क ट्रेडमार्कसोबत फिरले नाहीत. ते क्लोअँटो या कंपनीकडे आहेत आणि परवाने तिथूनच मिळतात. २०१८ च्या 'दी सी६४ मिनी'त रॉम अधिकृत होता, पण पेटीवर कमोडोर हा शब्द नव्हता, याचं कारण हेच: रॉमचा परवाना एकाकडे, नाव दुसऱ्याकडे. बेसिक मुळात मायक्रोसॉफ्टचं. त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये ६५०२ बेसिकच्या १.१ आवृत्तीचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला केला. अभ्यासक्रमात वापरण्यासारखा तो दस्तऐवज आहे, विभागाने जरूर उतरवून घ्यावा.

आणि चिप. कमोडोरने १९७६ मध्ये मॉस टेक्नॉलॉजी विकत घेतली, त्यामुळे ६५१० प्रोसेसर, व्हिक-२ ही चित्राची चिप आणि बॉब यानिस यांची सिड ही आवाजाची चिप घरच्याच कारखान्यात बनत. पेनसिल्व्हेनियातला तो कारखाना दिवाळखोरीनंतर जीएमटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स नावाने चालला आणि २००१ मध्ये बंद झाला. खरी सिड किंवा खरी व्हिक यापुढे कुणीही बनवणार नाही, ब्रँड कुणाच्याही हाती असला तरी. तुमच्या पेटीत त्या असतील, तर त्या सांभाळणं हे पहिलं काम.

नवं यंत्र वाईट आहे असं अजिबात नाही. त्यात एफपीजीए आहे, म्हणजे जुन्या चिपचं तर्कमंडळ नव्या सिलिकॉनवर ठोका-बरहुकूम पुन्हा बांधलेलं. खरी काड्रिज (खोबणीत खोचायची प्रोग्रामची डबी), खरा १५४१, खरा डेटासेट त्याला जोडता येतो, पाल आणि एनटीएससी (आपली आणि अमेरिकन टीव्ही पद्धत) दोन्ही वेळापत्रकं मिळतात, एचडीएमआय आहे. विद्यार्थ्यांच्या हाती रोज द्यायला तेच योग्य. फक्त ते घेतलं म्हणजे वारसा जपला असं मानू नका. सरांचे प्रोग्राम जगात फक्त तुमच्या त्या साठ फ्लॉपींवर आहेत. पैसा आणि वेळ आधी तिथे घाला.

---

झाळकाम

दुसरा प्रश्न माझ्याकडे.

आधी दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. ठोकळा थेट २३० व्होल्टला लावायचा नाही. आणि स्टेप-डाउनवरून ११७ देऊन लगेच यंत्राला जोडायचा नाही. दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण ती करताना सगळं बरोबर केल्यासारखं वाटतं.

कारण असं. ठोकळ्यातून दोन पुरवठे निघतात: ५ व्होल्ट डीसी (१.५ अँपिअर) आणि ९ व्होल्ट एसी (१ अँपिअर). ५ व्होल्टचा रेग्युलेटर आत इपॉक्सीत गाडलेला असतो. उष्णता बाहेर जात नाही, वर्षानुवर्षं तापून तो निकामी होतो, आणि निकामी होताना बहुधा शॉर्ट होतो. मग ५ च्या जागी ७-८ व्होल्ट थेट रॅम आणि लॉजिकवर जातात. मध्ये कुठलंही संरक्षण नाही. सगळ्यात आधी ४१६४ रॅम मरतात.

मोजायचंच असेल तर यंत्रापासून वेगळं ठेवून, १०० व्हीएच्या खऱ्या लोखंडी गाभ्याच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवरून मोजा. केसांच्या ड्रायरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर चालत नाहीत, त्यांची लाट कापलेली असते. सात पिनांच्या डिन प्लगवर पिन ५ म्हणजे +५, पिन २ म्हणजे ग्राउंड, पिन ६ आणि ७ मध्ये ९ व्होल्ट एसी. भार म्हणून पिन ५ आणि २ मध्ये ४.७ ओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा. साधारण १ अँपिअर वाहील, रेझिस्टर कडक तापेल, टेबलावर नुसता ठेवू नका. वाचन ४.९ ते ५.२ च्या बाहेर गेलं तर प्रश्नच मिटला. आत असलं तरी माझं मत बदलत नाही: तो ठोकळा प्रदर्शनात ठेवा, वापरू नका. आज बरोबर दाखवणारा ठोकळा उद्या वीस मिनिटं तापल्यावर काय करेल ते मीटर सांगत नाही.

नवा पुरवठा बनवा. सामान सगळं पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं:

– ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगल्या कंपनीचा बंद एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय)
– २३० व्होल्ट प्रायमरीचा ९-०-९, २ अँपिअर ट्रान्सफॉर्मर. ० आणि एकच ९ वापरा, उरलेल्या ९ च्या टोकावर हीट-श्रिंक चढवा
– प्रायमरीला ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, ९ व्होल्टच्या बाजूला १.५ अँपिअरचा
– २७० अंशांचा सात पिनांचा डिन प्लग, जाड तार, अर्थ केलेली पेटी

एसएमपीएसचा ट्रिमर फिरवून प्लगच्या टोकाशी ५.१ व्होल्ट ठेवा. तारेत आणि स्विचमध्ये थोडं पडतं. ५.५ च्या आसपास पुरवठा तोडणारं रिले सर्किट मध्ये घातलं तर उत्तम.

सगळ्यात जास्त चुकणारी जागा: ९ व्होल्ट एसीचं कुठलंही टोक ५ व्होल्टच्या ग्राउंडला जोडू नका. यंत्राच्या आत त्या ९ व्होल्टवर ब्रिज रेक्टिफायर आहे. त्यातूनच व्हिक आणि सिडसाठी १२ व्होल्ट आणि डेटासेटच्या मोटरचा पुरवठा तयार होतो. एक टोक ग्राउंड केलंत तर ब्रिजमधला एक डायोड थेट शॉर्टमध्ये जातो.

५० हर्ट्झचा एक परिणाम लक्षात ठेवा. सीआयए या इनपुट-आउटपुट सांभाळणाऱ्या चिपमधलं घड्याळ याच ९ व्होल्टच्या लहरी मोजतं आणि कर्नल त्याला ६० हर्ट्झ समजायला सांगतो. आपल्याकडे ते तासाला दहा मिनिटं मागे पडेल. 'पोक ५६३३४, पीक(५६३३४) ऑर १२८' दिलं की ते ५० वर मोजू लागतं. बेसिकमधलं टीआय-डॉलर घड्याळ वेगळं आहे, त्याला हे लागू नाही.

चित्रासाठी आरएफ सॉकेट विसरा, अमेरिकन चॅनेल आपल्या टीव्हीवर धड लागत नाही. आठ पिनांच्या व्हिडिओ सॉकेटवरून घ्या: पिन १ ल्यूमा, २ ग्राउंड, ३ आवाज, ४ कॉम्पोझिट, ६ क्रोमा. आजचे बहुतेक एलसीडी एव्ही इनपुटवर एनटीएससी घेतात. एस-व्हिडिओ करणार असाल तर क्रोमाच्या ओळीत ३०० ते ३३० ओहम घाला, नाहीतर रंग अंगावर येतात.

व्हिक आणि क्रिस्टल बदलून पाल करायचा सल्ला कुणी देईल. तो घेऊ नका. यंत्र अमेरिकन आहे, ते तसंच राहू दे.

१५४१ ला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आत आहे आणि तोही ११७ चाच. तो त्या स्टेप-डाउनवरच चालवायचा. मोटर डीसी आहे, ५० हर्ट्झने वेग बदलत नाही.

---

आठबिट_कोथरूड

भारासह मोजलं. पिन ५ वर ५.९ व्होल्ट, दहा मिनिटांत ६.२ पर्यंत चढलं. ठोकळा बाजूला ठेवला, त्यावर लाल पट्टी लावली.

तुम्ही सांगितला तसा पुरवठा बनवून यंत्र चालू केलं: प्लगशी ५.०८ व्होल्ट. पॉवरचा दिवा लागतो, पडदा पूर्ण काळा, कडेची चौकटही नाही. बोर्डवर एक रॅम बोट ठेवता येणार नाही इतकी तापते, बाकीच्या कोमट. रॅम सॉकेटमध्ये नाहीत, थेट झाळलेल्या आहेत. याच ठोकळ्याने पूर्वी रॅम घालवली असेल का?

---

झाळकाम

बहुधा तसंच. बाकीच्या थंड आणि एकच भाजते, म्हणजे ती आतून शॉर्ट आहे. पण फक्त तापमानावरून निकाल देऊ नका, शॉर्ट न होता मेलेल्या चिप थंडच राहतात.

डेड टेस्ट काड्रिज (मेलेल्या बोर्डाचा बिघाड शोधणारं) मिळवा, किंवा ईप्रॉमवर (पुन्हा लिहिता येणाऱ्या रॉम चिपवर) तयार करा. ते कर्नल आणि बेसिक रॉमना हातच लावत नाही. प्रोसेसर, व्हिक आणि पीएलए (कुठली चिप कधी बोलेल ते ठरवणारी चिप) एवढं चाललं की पडद्याची उघडझाप करून सांगतं. एकदा उघडझाप म्हणजे बिट ७, आठ वेळा म्हणजे बिट ०. कुठला बिट कुठल्या जागेवर ते तुमच्या बोर्डच्या आकृतीवर बघा. बोर्डाचा क्रमांक कडेला छापलेला असतो, आणि आकृत्या इंटरनेटवर फुनेटच्या संग्रहात आहेत. काड्रिज घालूनही काळाच पडदा राहिला तर संशय पीएलएवर, बोर्डवर यू१७ लिहिलेल्या चिपवर. तिचे आधुनिक पर्याय मिळतात, पण मूळ चिप काढली तर लेबल लावून पिशवीत ठेवा, फेकू नका.

रॅम काढताना चिप वाचवायचा मोह टाळा. बोर्ड वाचवायचा आहे. पाय चिपच्या अंगाशी कापा, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढा, भोक सोल्डर पंपाने मोकळं करा. अख्खी चिप उपटायला गेलं की भोकातला तांब्याचा पत्रा सोबत येतो आणि मग वरच्या-खालच्या दोन्ही बाजूंना जंपर मारत बसावं लागतं. ग्राउंडचा पाय सगळ्यात हट्टी, तिथे थोडं नवं सोल्डर घालून मग गरम करा. जागी सोळा पायांचं सॉकेट.

नवी चिप: ४१६४, १५० किंवा २०० नॅनोसेकंद. ४११६ घेऊ नका, तिला तीन वेगळे व्होल्टेज लागतात. ४१६४ मिळाली नाही तर जुन्या पीसीच्या बोर्डवरची ४१२५६ चालते. तिचा पाय १ पाय १६ ला जोडा, नाहीतर तो पत्त्याचा पाय अधांतरी राहून मधूनच चुका येतात. आणि इथे पाय ८ वर +५ आहे, पाय १६ वर ग्राउंड. टीटीएलच्या नेहमीच्या सवयीच्या बरोब्बर उलट. मीटर लावताना विसरू नका.

सगळे कपॅसिटर सरसकट बदलायची गरज नाही. सी६४ मध्ये ते सहसा टिकतात. ऑसिलोस्कोपवर ५ व्होल्टची लहर बघा, तिथे घाण दिसली तर मोठा फिल्टर बदला.

जॉयस्टिक, डेटासेट, काड्रिज काहीही चालू यंत्रात खुपसू-काढू नका. पोर्ट थेट चिपना जातात (जॉयस्टिकचे सीआयएला), बोटाच्या स्थिर विजेने चिप जाते.

---

ट्रॅक_अठरा

बोर्ड चालू होईपर्यंत थांबायचं कारण नाही. फ्लॉपी उतरवायला सी६४ लागतच नाही. १५४१, पीसी आणि मध्ये झूमफ्लॉपी किंवा तत्सम यूएसबी पाटी पुरते. पीसीवर ओपनसीबीएम हे सॉफ्टवेअर.

आधी फ्लॉपी बघा. खिडकीतून तबकडी हलकेच फिरवत टॉर्च तिरका धरा. राखाडी ठिपके, जाळी, मळभ दिसलं तर ती बुरशी. मुंबई-कोकणात पावसाळे काढलेल्या फ्लॉपींवर ती हमखास असते, पुण्यातही बंद कपाटात होते. बुरशीवाली एकही फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपी त्या हेडने ओरखडली जाते. अशा वेगळ्या काढा: मास्क आणि हातमोजे, पाकिटाची वरची कड कापून तबकडी बाहेर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड, केंद्रापासून बाहेर हलक्या हाताने, पूर्ण वाळू द्या. मग एखाद्या कोऱ्या फ्लॉपीच्या स्वच्छ पाकिटात घालून वाचा. कापलेलं मूळ पाकीट लेबलसह जपून ठेवा. पुसताना कापडावर तपकिरी थर उतरू लागला तर ताबडतोब थांबा, तो चुंबकीय लेप आहे.

प्रत्येक फ्लॉपीच्या कडेची खाच अपारदर्शक पट्टीने बंद करा. पाच पूर्णांक एक चतुर्थांश इंचीत खाच झाकली की लेखन बंद होतं. १५४१ प्रकाशाने बघतो, त्यामुळे पारदर्शक सेलोटेप कामाचा नाही.

क्रम असा: आधी एखादी बिनमहत्त्वाची फ्लॉपी, मग विकतचे खेळ, ड्राइव्हचा स्वभाव कळला की सरांच्या. दर चार-पाच फ्लॉपींनंतर कापसाच्या काडीने हेड पुसा. काडी काळी आली तर प्रत्येक फ्लॉपीनंतर. एकच ट्रॅक वाचत नाही म्हणून शंभर वेळा पुन्हा प्रयत्न करत राहू नका. हेड त्याच जागी घासत राहतं आणि उरलेला लेप जातो.

बरोबर उतरलेल्या डी६४ फाइलचा (फ्लॉपीच्या हुबेहूब प्रतीचा) आकार १,७४,८४८ बाइट. ३५ ट्रॅक, ६८३ ब्लॉक, प्रत्येकी २५६ बाइट. १,७५,५३१ असेल तर शेवटी ६८३ बाइटचा चुकांचा नकाशा जोडलेला आहे, तो ठेवाच. ट्रॅक १८ वर फ्लॉपीची यादी असते. तो गेला तरी प्रोग्राम गेलेले नसतात: प्रत्येक ब्लॉकचे पहिले दोन बाइट पुढचा ट्रॅक आणि सेक्टर सांगतात, त्यावरून साखळी पुन्हा जुळवता येते.

विकतच्या खेळांना डी६४ पुरणार नाही. नक्कल रोखण्यासाठी त्यात मुद्दाम चुकीचे सेक्टर, जास्तीचे ट्रॅक असतात. त्यांच्यासाठी पीसीचा ५.२५ इंची ड्राइव्ह आणि ग्रीजवीझलसारखी पाटी घेऊन थेट चुंबकीय बदलांची नोंद करा, त्यातून पुढे जी६४ (संरक्षणासकट प्रत ठेवणारी फाइल) काढता येतं. उलट्या बाजूलाही लिहिलेल्या फ्लॉपी मात्र १५४१ वरच उतरवणं सोपं. १५४१ इंडेक्सचं भोक बघत नाही, पीसीचे बरेच ड्राइव्ह ते न दिसल्यास वाचतच नाहीत.

कॅसेट: डेटासेट उघडून आधी पट्टा बघा. डांबरासारखा वितळला असेल तर काढून पुली अल्कोहोलने पुसा. मला मात्र चांगला ऑडिओ डेक पसंत आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. डॉल्बी बंद, आपोआप आवाज वाढवणारं सगळं बंद, एमपी३ कदापि नाही. आवाज ऐकत हेडचा छोटा स्क्रू किंचित फिरवा. सगळ्यात तीक्ष्ण किरकिर जिथे येते तिथे हेड बरोबर. स्क्रूची मूळ जागा आधी खूण करून ठेवा. मग त्यातून टॅप फाइल (कॅसेटच्या डेटाची प्रत) करा आणि टॅपक्लीन या प्रोग्रामने तपासा. सरांचे प्रोग्राम साध्या सेव्ह आज्ञेने ठेवलेले असतील तर कर्नल प्रत्येक गोष्ट दोनदा लिहितो. एका प्रतीत खड्डा असला तरी दुसरीतून भरता येतो.

---

फीत_आणि_फ्लक्स

वरच्या यादीत दोन गोष्टी वाढवतो. इतक्या जुन्या १५४१ चं हेड सरकलेलं असतंच, त्यामुळे उतरवायच्या आधी अलाइनमेंट करून घ्या, म्हणजे हेड स्क्रूने मूळ जागी आणा. आणि पेटी पिवळी पडली असेल तर केसांसाठीचं १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड क्रीम लावून, प्लास्टिकच्या वेष्टनात उन्हात ठेवा, पहिल्यासारखी होते.

---

ट्रॅक_अठरा

दोन्हींना माझा विरोध आहे.

सरांच्या फ्लॉपी याच ड्राइव्हवर लिहिल्या आहेत. हेड सरकलेलं असेल तर त्या फ्लॉपींवरचे ट्रॅकही तेवढेच सरकलेले आहेत, आणि त्या अचूक वाचणारा जगातला एकमेव ड्राइव्ह हाच. आधी सरांच्या फ्लॉपी उतरवायच्या, मगच स्क्रूला हात लावायचा. विकतचे खेळ वाचत नसतील आणि घरच्या फ्लॉपी व्यवस्थित वाचत असतील, तर हेड सरकल्याचीच ती खूण आहे. खेळांसाठी दुसरा ड्राइव्ह शोधा.

पेरॉक्साइडबद्दल: घरच्या वापराच्या यंत्राला कुणी करत असेल तर करो. संग्रहातल्या वस्तूवर नको. क्रीम कमी-जास्त लागलं की पट्टे उमटतात, काही वर्षांत पिवळेपणा परत येतो, आणि कळांवरची छपाई धोक्यात येते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश एवढंच. पेटीवरचं मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर, दुकानाचं लेबल, पेनाने लिहिलेलं नाव यातलं काहीही काढू नका.

---

आठबिट_कोथरूड

बिट ४ आणि बिट १ च्या रॅम गेल्या होत्या. दोन्ही बदलल्या, निळा पडदा आला, ३८९११ बाइट मोकळे दाखवतो. सरांच्या चव्वेचाळीस फ्लॉपी याच ड्राइव्हवर चुकीशिवाय उतरल्या. विकतचे सोळापैकी पाच खेळ वाचत नाहीत, म्हणजे ट्रॅक_अठरा म्हणतात तसंच दिसतंय. स्क्रूला हात लावलेला नाही.

दोन उपप्रश्न. विभागातला एक विद्यार्थी म्हणतो, अल्टिमेट घेतल्यावर खरी सिड काढून त्यात बसवू. करावं का? आणि या फाइल महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवता येतील का?

---

चिन्ह_आणि_चिप

सिड काढू नका. ६५८१ असेल तर ती उघड्या हाताने, स्थिर विजेने सहज जाते, आणि जुन्या सॉकेटातून दर वेळी काढताना पाय झिजतात. शिवाय तुमच्या बोर्डवर ती १२ व्होल्टवर चालते. नंतरची ८५८० ही ९ व्होल्टची. पुढे कुणी गडबडीत ८५८० या जुन्या बोर्डात घातली तर ती जळेल. फिल्टरचे कपॅसिटरही वेगळे: ६५८१ ला ४७० पिकोफॅरड, ८५८० ला २२ नॅनोफॅरड. अल्टिमेटमधली एफपीजीएची सिड शिकवायला पुरेशी आहे. खऱ्या सिडचा आवाज हवा असेल तर याच यंत्राच्या पिन ३ वरून ध्वनिमुद्रण करून ठेवा. प्रत्येक ६५८१ चा फिल्टर थोडा वेगळा वाजतो, म्हणून या चिपचा नमुना नोंदवण्यात अर्थ आहे.

फाइलींबद्दल. सरांचे प्रोग्राम ही त्यांची निर्मिती, हक्क त्यांचे. त्यांच्याकडून लेखी परवाना घ्या, नुसतं 'चालेल' पुरत नाही. कुठला खुला परवाना, श्रेय कसं द्यायचं, बदल करू द्यायचे का, हे त्यात असू द्या. मासिकातून टाइप केलेले प्रोग्राम यातून वगळा; तेव्हा मासिकांत पानंच्या पानं बेसिक छापून येत आणि लोक ती उतरवून घेत, त्यामुळे फ्लॉपीवर आहे म्हणजे सरांचंच असं नाही. त्यांच्यासोबत बसून यादी तपासा.

विकतच्या खेळांचं वेगळं. कॉपीराइट कायदा १९५७ मधलं कलम ५२(१)(एए) कायदेशीर ताबा असलेल्याला नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत करू देतं. ती प्रत संग्रहात ठेवा. संकेतस्थळावर टाकणं त्यात बसत नाही, कंपनी बुडालेली असली तरी. कंपनी बुडाली म्हणून हक्क संपत नाहीत, ते कुणाकडे तरी गेलेले असतात. कमोडोरच्या रॉमचं उदाहरण वर दिलंच आहे.

बेसिक प्रोग्राम पेटकॅटने साध्या मजकुरात काढून डी६४ सोबत ठेवा. पेटकॅट व्हाइस एम्युलेटरसोबत (पीसीवर सी६४ ची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामसोबत) येतं. वीस वर्षांनी कुणाकडे एम्युलेटर नसला तरी मजकूर वाचता येईल.

---

मोहाली_६५०२

कमोडोरच्या धाग्यात थोडं आपल्याकडचं, कारण विषय ब्रँडच्या वारशाचा आहे.

१९८४-८५ मध्ये शाळांसाठी संगणक-साक्षरतेचा क्लास प्रकल्प सुरू झाला तो बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकावर. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने मूळ निर्मात्या अॅकॉर्नच्या परवान्याने तेच यंत्र एससीएल युनिकॉर्न नावाने बनवलं. अनेकांनी पहिली बेसिकची ओळ त्यावर लिहिली असेल. कमोडोरला निदान कुणीतरी ट्रेडमार्क घेणारं मिळालं, अनेक लोक त्याच्या चिपची छायाचित्रं काढून तर्कमंडळ उलगडतायत. युनिकॉर्नच्या वाट्याला हे आलेलं नाही. त्याची पुस्तिका, शाळांसाठीच्या फ्लॉपी, बोर्डवरचे बदल यांची नीट नोंद एके ठिकाणी मला कुठे सापडत नाही. महाविद्यालयाच्या किंवा ओळखीच्या शाळेच्या स्टोअरमध्ये असं यंत्र पडलं असेल तर निर्लेखनाच्या यादीत जायच्या आधी उचला.

चालू करण्यापूर्वी पुरवठा उघडा. बीबीसी मायक्रोच्या अॅस्टेक पुरवठ्यात मेन्सवर दोन पारदर्शक पिवळट कागदी फिल्टर कपॅसिटर असतात, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरड. त्यांच्या आवरणाला केसासारख्या चिरा जातात, ओल आत शिरते, आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत धूर येतो. युनिकॉर्नमध्ये पुरवठा वेगळा निघाला तरी मेन्सवरचे जुने कागदी कपॅसिटर बदलायचेच. जागी एक्स-२ वर्गाचे, २७५ व्होल्ट एसीचे नवे, त्याच मूल्याचे. साधे पॉलिस्टर चालत नाहीत, मेन्सवर एक्स-२ च हवेत. उघडण्याआधी वायर काढा, आणि उघडल्यावर आत हात घालण्याआधी मोठा कपॅसिटर १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून रिकामा करा, मीटरने खात्री करा.

त्यातल्या रॉम ईप्रॉमवर असतील तर खिडकीवर काळी पट्टी लावून लगेच वाचून घ्या. पट्टी निघालेली ईप्रॉम उजेडात हळूहळू बिट गमावते. दोनदा वाचा, दोन्ही फाइलींचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा-क्रमांक) जुळला तरच ती प्रत खरी धरा. ४.९ आणि ५.१ अशा दोन वेगळ्या व्होल्टेजवर वाचलंत तर कमकुवत बिट लगेच उघडे पडतात.

---

ट्रॅक_अठरा

सरांच्या चव्वेचाळीस फ्लॉपींसाठी शेवटचं. प्रत्येकीचा एक फोल्डर: डी६४, दोन्ही बाजूंचं ६०० डीपीआय स्कॅन, पेटकॅटचा मजकूर, एसएचए-२५६, आणि एक साधी टेक्स्ट फाइल. तिच्यात कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या आवृत्तीने, किती पुन्हा-प्रयत्नांत वाचलं ते लिहा. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक विभागाच्या इमारतीबाहेर. सर आहेत तोवर त्यांना प्रत्येक प्रोग्राम चालवून दाखवा आणि ते जे सांगतील ते त्याच टेक्स्ट फाइलमध्ये उतरवा: कशासाठी लिहिला, कुठलं इनपुट द्यायचं, कुठली ओळ अर्धवट राहिली. फ्लॉपी परत पाकिटात उभ्या, सिलिका जेलसोबत, स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब.